नावाची ओळ

“दारांचे सगळे पॅच एकत्र करून एकच द्या. क्लीन,” साहेब तिच्या टेबलाच्या कडेला टेकून म्हणाले, आणि जाता जाता, विसरलेली छत्री आठवावी तसे वळून म्हणाले, “आणि वर नाव कोणाचं टाकायचं ते तुम्हीच ठरवा मॅडम. नवे मालक तेवढंच वाचणार. दारांच्या कामावर त्यांना एकच माणूस ठेवायचाय. घरी बोलू नका यातलं.” मग ते गेले. त्यांच्या कपाने टेबलावर एक ओलं वर्तुळ ठेवलं होतं. ते तिने कागदाने पुसलं, पुन्हा कोरड्या कागदाने पुसलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला धक्का बसायला हवा होता आणि तो बसलेला नाही. जे वाटलं ते वेगळंच होतं. दिवसभर पायात चावणारा बूट टेबलाखाली, कोणाला दिसणार नाही असा, हळूच सैल करावा तसं काहीतरी. दारांच्या कामावर माणसं दोनच होती. एक ती. दुसरा तिचा नवरा.

साहेबांबद्दल तिचं मत फार पूर्वी ठरून गेलं होतं आणि ते बदलण्याची संधी साहेबांनी कधी दिली नव्हती. एके काळी आपणही प्रोग्रॅम लिहायचो असं ते सांगत. तो कोणी पाहिलेला नव्हता. ‘क्लीन’ हा त्यांचा शब्द. मीटिंग झाली की क्लीन, टेबल रिकामं दिसलं की क्लीन, एखाद्याला घरी पाठवलं आणि तो रडला नाही की तेही क्लीन. कंपनी विकली गेली त्या आठवड्यात त्यांनी जिन्याजवळच्या कुंड्यांतली खरी झाडं काढून प्लास्टिकची लावली, कारण नवे मालक बघायला येणार होते आणि खऱ्या झाडांची पानं गळतात. ती एकदा मुद्दाम एका पानाला नख लावून आली होती. व्रणही उठला नाही. नवे मालक आले, झाडांजवळ उभे राहून फोटो काढून गेले, आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक पिवळा हसरा चेहरा यायचा. कोणाला काढायचं असलं की दोन.

कंपनी दारं बनवत नव्हती, दारांची अक्कल बनवत होती. हॉस्पिटलं, बँका, मोठी दुकानं, जिथे जिथे काचेचं दार माणूस दिसला की आपोआप सरकतं, तिथे चौकटीच्या वर एक चपटी पेटी असते आणि त्या पेटीत यांचा प्रोग्रॅम. कोणी समोर आलं की उघड, कोणी मध्ये उभं असेल तर थांब, कोणी नसेल तर मीट. एवढंच. दारासमोर आलेल्या माणसाला मात्र वाटतं की दाराने आपल्याला ओळखलं. ती कुठेही गेली तरी बाजूला उभी राहून हे बघायची. दार सरकताच लोकांच्या चेहऱ्यावर येणारा तो बारीकसा मान मिळाल्याचा भाव. एखाद्या जाड्या माणसाने दाराला ‘थँक्यू’ म्हटल्याचंही तिने ऐकलं होतं. माणसांविषयी फारसं चांगलं बोलावं असं तिला दारांच्या कामात काही सापडलं नव्हतं.

प्रोग्रॅम एकदा लिहिला की संपत नाही. तक्रारी येतात, बदल होतात, आणि प्रत्येक बदल एका छोट्या फाइलीत ठेवला जातो. तिला म्हणायचं पॅच. त्यात अख्खा प्रोग्रॅम नसतो, फक्त फरक असतो: जिच्यापुढे वजाची खूण ती ओळ काढायची, जिच्यापुढे अधिकची ती घालायची. आणि फाइलीच्या डोक्यावर, साध्या भाषेत, मथळा: कोणी केलं आणि का केलं. दारांच्या कामाचे असे पॅच एकामागून एक साचत गेले होते, एक त्याचा, एक तिचा, त्याचा, त्याचा, तिचा. आता ते सगळे मिळून जे करतात ते एकट्याने करणारा एक पॅच हवा होता. त्यासाठी एक जुनं अवजार आहे. त्याला चित्र नाही, बटण नाही, काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करायचं आणि पुढे दोन पॅच द्यायचे, पहिला आणि त्यानंतरचा. ते दोन्ही वाचतं आणि तिसरा काढून देतं. मग तो तिसरा आणि पुढचा. असं शेवटपर्यंत. क्रम चुकला तर सगळं चुकतं, आणि फाइली नावाच्या क्रमाने दिल्या तर यंत्र आधी दहातला एक बघतं आणि दहावी दुसरीच्या आधी येऊन बसते, हे ज्याला माहीत नाही त्याने या धंद्यात पडू नये असं तिचं मत होतं. तिच्या नवऱ्याला ते प्रत्येक वेळी नव्याने कळायचं. “अरेच्चा,” तो म्हणायचा, आणि खूश व्हायचा.

ते अवजार तिला आवडायचं. ऑफिसात आवडण्यासारखं तेवढं एकच होतं. पहिल्या पॅचने घातलेली ओळ दुसऱ्याने काढली असेल, तर तिसऱ्यात ती नसतेच. घातली होती असंही दिसत नाही, काढली होती असंही दिसत नाही. आणि मथळ्यांशी त्याला काही कर्तव्य नसतं. कोणी केलं आणि का केलं हा सगळा मजकूर ते वाटेतच टाकून देतं. उरतं ते फक्त शेवटी काय झालं एवढंच. नवा मथळा हाताने लिहावा लागतो. तिने पहिले दोन पॅच दिले, खिडकीने क्षणभरही विचार न करता ओळी ओतल्या, आणि तिला वाटलं, माणसांनाही अशी सोय असती तर जेवणाच्या टेबलांवर किती शांतता झाली असती.

काम करता करता ती त्याचे पॅच पुन्हा वाचत होती. वाचायची गरज नव्हती. पण खाज असते. तो ओळी लिहीत नसे, सांडत असे. ज्या गोष्टींना नावं द्यायची असतात त्यांना तो ‘बघू’, ‘बघू२’, ‘हे_चालतंय’ अशी नावं द्यायचा. एकदा तिने विचारलं होतं की ‘बघू३’ कुठे गेला, तर तो गंभीरपणे म्हणाला होता, “तो नाही चालला.” लग्नाआधी तिला याचं हसू यायचं. तो कंपनीत नवा आला त्या वर्षी त्याने एक दार चालवून दाखवलं होतं जे कोणालाच चालत नव्हतं, आणि ते का चालतं हे त्यालाही सांगता येत नव्हतं. तिने त्याचा कागद हिसकावून घेतला, दुपारभर बसली आणि त्याच्या तीन पानांचं अर्धं पान केलं. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, “वा.” नुसतं ‘वा’. तोवर तिला तसं कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या घरी उत्तम गुण आणले की उरलेले कुठे गेले असं विचारायची पद्धत होती. त्या ‘वा’ला तिने काय काय समजून घेतलं होतं. त्याला आपली उंची दिसते, असं. पुढे कळलं की तो सगळ्यांनाच वा म्हणतो. लिफ्ट वेळेवर आली तरी म्हणतो. चहात साखर बरोबर पडली तरी म्हणतो. ज्याची स्तुती एवढी स्वस्त आहे त्याच्याशी आपण लग्न केलं, हा हिशोब एकदा लागल्यावर तिने तो परत कधी तपासला नाही. तपासायची तिची सवय सगळ्या गोष्टींना लागू होती, या एका सोडून.

त्याला लाज वाटत नसे हे तिला सर्वांत असह्य होतं. तिने त्याच्या ओळी काढल्या तर तो रागावत नसे, भांडत नसे. “बरं झालं काढलीस, मलाही ती आवडली नव्हती.” मग लिहिलीस कशाला? “काहीतरी लिहायला हवं होतं ना.” काहीतरी. या शब्दावर एक माणूस अख्खं आयुष्य काढू शकतो आणि वर गुणगुणू शकतो. तो काम करताना गुणगुणायचा, आणि गाणं कधीच पुरं करायचा नाही, ध्रुवपदाच्या अलीकडे सोडून द्यायचा. सुरुवातीची काही वर्षं ती ते मनातल्या मनात पुरं करायची. मग कानात बोळे घालायला लागली. त्याने तेही बघितलं आणि तिच्या वाढदिवसाला चांगले बोळे आणून दिले.

पुढचा पॅच हॉस्पिटलच्या दाराचा होता. तो द्यायच्या आधी तिचा हात थांबला. एका हॉस्पिटलातून तक्रार आली होती की वॉर्डाचं दार पेशंट मध्ये असतानाच मिटायला बघतं. ती जागेवर बसून सगळे आकडे तपासत होती आणि आकड्यांत काही चुकत नव्हतं. तो उठला आणि हॉस्पिटलात गेला. सकाळभर तिथे भिंतीला टेकून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या फोनमध्ये नुसत्या पायांचे व्हिडिओ होते, सपाता घातलेले, सुजलेले, एक पाऊल टाकून विसावणारे पाय, आणि त्याला चार पेशंटांचे आजार, दोघींच्या सुनांचे स्वभाव आणि वॉर्डबॉयच्या बदलीची हकिगत पाठ झाली होती. हे सगळं त्याने जेवताना आईला सांगितलं, आणि मध्येच, भाजी वाढून घेता घेता, सांगितलं की सलाईनची बाटली लावलेली ती उभी सळई असते ना, ती फार बारीक असते. पेशंट स्वतः पुढे जातो, सळई मागून ओढत आणतो, आणि दाराला माणूस दिसतो, सळई दिसते न दिसते, दार समजतं गेला हा. “दाराचं काय चुकलं?” तो म्हणाला. “आपणही असंच समजतो.” सासूबाई म्हणाल्या, “तू भात घे.” दुसऱ्या दिवशी त्याने पॅच लिहिला: काही दिसून नाहीसं झालं तरी लगेच गेलं असं समजू नको, थोडं थांब. तेच तीन ठिकाणी लिहिलं होतं, तीन वेगवेगळ्या नावांनी. एक अर्थातच ‘बघू’. आणि मथळा: ‘पेशंट हळू चालतात. सळई बारीक असते. दाराने थांबावं.’

असा मथळा लिहितात का कोणी? हे काय पहिलीचं पुस्तक आहे? तिने तो वाचला तेव्हा तिच्या मानेवर काटा आला होता, कोणी आपल्याच नातेवाइकाने सभेत उठून उभं राहावं आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबत असावी तसा. काही महिन्यांनी साफसफाईचा पॅच करताना तिने ते तिन्ही तुकडे काढून टाकले. वर लिहिलं, ‘अनावश्यक पुनरावृत्ती काढली.’ पुनरावृत्ती होतीच. ती खोटं कधीच लिहीत नसे. फक्त तीनऐवजी एक ठेवायच्या जागी तिने एकही ठेवला नाही, कारण तिला वाटलं की मूळ नियम पुरेसा आहे, आणि तिला जे वाटतं ते सहसा तसंच असतं. मग एका म्हातारीच्या सळईवर दार मिटलं. सळई अडकली, म्हातारी पुढे गेली, हातातली सुई निघून आली. फारसं काही झालं नाही, असं फोनवरचा माणूस म्हणाला. काचेवर थोडं रक्त आहे, पुसून घेतोय. तिने तेव्हाच बसून चार ओळी लिहिल्या. एकाच ठिकाणी, योग्य ठिकाणी, योग्य नावाने. ‘अडथळा-निर्णयात कालावधीची सुधारणा.’ साहेबांनी सर्वांसमोर वाचून दाखवलं आणि क्लीन म्हणाले. नवऱ्याने तिच्या खुर्चीमागे उभं राहून त्या ओळी दोनदा वाचल्या आणि म्हणाला, “चारच? वा.” त्याच्या आवाजात तिने किती शोधलं. टोमणा, ओरखडा, एवढीशी कडवट चव, काहीही. काही नव्हतं. त्याला खरोखरच त्या ओळी आवडल्या होत्या. ते तिने त्याला माफ केलं नाही.

दुपार कलताना शेवटचा पॅच आत गेला आणि सगळ्यांचा मिळून एक बाहेर आला. तिने तो वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. सुरेख होता. ‘बघू’ नव्हता, तीन ठिकाणचे तीन तुकडे नव्हते, ते काढल्याचंही नव्हतं. त्या चार ओळी तेवढ्या होत्या, आणि बघणाऱ्याला वाटलं असतं की कोणा शहाण्याला पहिल्याच फटक्यात सुचल्या. म्हातारीही नव्हती. त्याची एखादी तरी ओळ उरली आहे का हे तिने शोधलं, अगदी न्यायाधीशाच्या चिकाटीने शोधलं, कारण उरली असती तर तिने त्याचं नाव घातलं असतं याबद्दल तिला खात्री होती. एकही नव्हती. जिथे जिथे त्याने काही केलं तिथे तिथे नंतर तिने काहीतरी केलं होतं. ज्याच्या ओळी उरल्या त्याचं नाव, ही ऑफिसची जुनी रीत होती आणि ती तिने काढलेली नव्हती. तिने मथळा लिहिला. कशासाठी: ‘अडथळा-निर्णयात सुधारणा.’ कोणी: तिचं नाव. एकच. तिने तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी ते खरं होतं. तिने फाइल पाठवून दिली. पलीकडच्या रांगेत नवऱ्याची खुर्ची रिकामी होती; गेला असेल कुठेतरी कोणाचं तरी ऐकत. उद्यापासून तो कायमचा गेला तर त्याला दुसरं काम मिळेल का, याचा तिने विचार केला. या वयात, त्या ‘बघू’ला, कोण घेणार? मग तिने तो विचार थांबवला, कारण त्याच्या शेवटी दया होती, आणि दया तिला नेहमीच थोडी ढिसाळ वाटत आली होती.

संध्याकाळी घरी सासूबाई चादरींच्या घड्या घालत बसल्या होत्या. तिने पर्स ठेवली, हात धुतले आणि वरची चादर उचलून उलगडली.

“ही अशी नाही आई.”

“मग कशी?”

“कडेला कड यायला हवी.”

“झोपायचंय तिच्यावर, फ्रेम करून लावायची नाहीये.” सासूबाईंनी पुढची चादर तिच्याकडे सरकवली. “घे बाई, तूच घाल. मी आपली बसते. माझ्या मुलाने तुझ्याकडून काय शिकायला हवं ते मला माहीत नाही, पण गप्प बसायला मी शिकले.”

“गप्प कुठे बसता?”

“हे काय, बसले.”

नवरा आला तो शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या करून. खालच्या मजल्यावरचा नळ गळत होता.

“थांबला?” आईने विचारलं.

“थांबला. रबर लावलंय तात्पुरतं.”

“तात्पुरतं म्हणजे?” तिने विचारलं.

“म्हणजे आज गळणार नाही.”

“आणि उद्या?”

“उद्या प्लंबर येईल. आज त्यांना झोप तर लागेल.” तो चादरींच्या ढिगाशेजारी बसला आणि ओल्या हाताने एकीला टेकला. तिने ती त्याच्या हाताखालून ओढून घेतली. “आज काय केलंस तू?” त्याने विचारलं.

“नेहमीचंच. तू?”

“मीही नेहमीचंच.” तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी सांगायचं आहे आणि सांगायचं नाही म्हणून कोणाला तरी कबूल केलंय, असा त्याचा चेहरा झाला होता. नळाचंच काहीतरी असेल. वायसर तोडला असेल. त्याच्या पोटात काही राहत नाही हे तिला माहीत होतं, आणि विचारलं की तो सांगेल हेही. तिने विचारलं नाही.

“बघा,” सासूबाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या, “दोघं दिवसभर एका छपराखाली असतात, आणि घरी आले की बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे.”

तो हसला. ती चादरी घेऊन कपाटाकडे गेली. कपाट लावता लावता तिने ऐकलं, तो गुणगुणत होता आणि ध्रुवपदाच्या अलीकडे थांबला. याला काहीच माहीत नाही, तिला वाटलं, हा इथे बसलाय आणि याला काही माहीत नाही. आणि पहिल्यांदाच तिला त्याच्याविषयी काहीसं मऊ वाटलं, खुर्चीवर झोपलेल्या आणि लवकरच उठवाव्या लागणाऱ्या माणसाविषयी वाटतं तसं.

सकाळी साहेबांनी दोघांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. लांब टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा. नवरा तिच्या शेजारी बसला. सोबत नवे मालक नव्हते, त्यांचा निरोप होता. साहेब उत्साहात होते. दुसऱ्याच्या पद्धती वापरताना ते नेहमी उत्साहात असत.

“यांची एक पद्धत आहे,” ते म्हणाले. “चांगली आहे. एकच काम दोन माणसांना द्यायचं, एकमेकांना न सांगता. दोघांनी वेगवेगळं करायचं. मग शेजारी शेजारी ठेवून फरक काढायचा. जुळलं म्हणजे कोणी मध्ये हात मारला नाही. तर मॅडम, तुम्हाला जे सांगितलं तेच मी यांनाही सांगितलं होतं. अगदी त्याच शब्दांत.”

ती पडद्याकडे बघत होती. त्याच शब्दांत. म्हणजे एकच माणूस ठेवायचाय हेही. वर नाव कोणाचं ते तुम्हीच ठरवा हेही. साहेबांनी एक कळ दाबली आणि दोन्ही पॅचमधला फरक पडद्यावर आला, तिच्या ओळखीच्या खुणांनी, वजा आणि अधिक, वजाच्या ओळी लाल, अधिकच्या हिरव्या. मजकुरात फरक नव्हता. शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत नव्हता. त्या अवजाराला दोघांनी तेच दिलं होतं आणि त्याने दोघांना तेच परत केलं होतं. क्रमसुद्धा या वेळी नवऱ्याने बरोबर लावला होता, सगळा पडदा पांढरा होता. फक्त अगदी वर, मथळ्यात, दोन ओळी लाल होत्या आणि दोन हिरव्या. लाल त्याच्या. ‘पेशंट हळू चालतात म्हणून दार थांबतं.’ आणि खाली दोन नावं. आधी तिचं. मग त्याचं. हिरव्या तिच्या. ‘अडथळा-निर्णयात सुधारणा.’ आणि खाली एक नाव.

साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दोन पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांपैकी एक येऊ बघत होता आणि ते त्याला आवरत होते. ती नवऱ्याकडे बघू शकली नाही, पण त्याचा हात तिला दिसत होता, टेबलावर पालथा पडलेला, नळ दुरुस्त करताना अंगठ्यावर सोललेला. हात हलला नाही. काल संध्याकाळी बाह्या ओल्या करून आला तेव्हा त्याचं हे पाठवून झालेलं होतं. चादरीला टेकला तेव्हा झालेलं होतं. तिच्या डोक्यात कुठेतरी त्याची तुच्छ वाटणारी वाक्यं एकामागून एक उभी राहिली, आणि त्या रांगेत त्याची ती लाल ओळ, पेशंट हळू चालतात म्हणून दार थांबतं. आणि हेच कारण आहे, तिला कळलं, या सगळ्या कामाचं कारण एवढंच आहे, दुसरं नाही, आणि तिने लिहिलेलं हे कारण नव्हे, कारणावर टाकलेलं झाकण आहे. इतक्या वर्षांत त्याचं एखादं वाक्य दुरुस्त करता येणार नाही असं तिला पहिल्यांदा दिसत होतं.

“मजकूर जुळला, उत्तम,” साहेब म्हणाले. “आता मथळा. दोन तर पाठवता येणार नाहीत. मॅडम, दारं तुम्हाला जास्त माहीत. यातला कोणता पाठवू?”

एवढंच होतं. ‘लाल’ म्हणायचं. ‘त्याचा पाठवा’ एवढं म्हणायचं. तिने ठरवलंही होतं. शब्द जिभेवर आलेले तिला जाणवले, नेहमीच्या शब्दांपेक्षा थोडे कोमट. दोन नावं गेली तर नवे मालक दोघांनाही ठेवतील, किंवा दोघांतल्या कोणालाही काढतील. पण तो पुढचा प्रश्न होता. तिने मान वर केली, लाल ओळीकडे पुन्हा एकदा बघितलं, नीट बघितलं, आणि त्या ओळीच्या शेवटी, पूर्णविरामानंतर, लाल पट्टा जरा जास्तच पुढे गेलेला होता. अक्षर नव्हतं. नुसती जागा होती, बोटाने चुकून दाबलेली, कोणालाही न दिसणारी.

“त्याच्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा राहिलीय,” ती म्हणाली.

साहेबांनी डोळे बारीक करून पडदा बघितला. “कुठे? अच्छा. हो की.” मग त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, कळलं अशी. “म्हणजे तुमचा क्लीन आहे. तुमचा पाठवतो.”

मला तसं म्हणायचं नव्हतं, असं तिला म्हणायचं होतं. पण दोन्ही मथळे शेजारी शेजारी होते आणि तिचा खरंच क्लीन होता. साहेबांचा हात कळीकडे गेला, थांबला, शिष्टाचार म्हणून थांबला, आणि त्यांनी नवऱ्याला विचारलं, “तुमचं काही म्हणणं?”

तेव्हा तिने शेवटी त्याच्याकडे बघितलं. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तशी तयारी होती तिची, उत्तरंही होती. तो वा म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तो पडद्याकडेच बघत होता, त्या लाल पट्ट्याच्या टोकाकडे, कुतूहलाने, इतक्या दुरून एवढीशी गोष्ट दिसणारा डोळा कसा असेल याचा विचार करावा तसा.

“नाही,” तो साहेबांना म्हणाला, तिच्याकडे न वळता, खोलीत नसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. “तिचं बरोबर असतं.”